ओला आवाज

१

रविवारची जेवणे आटोपली की आम्ही मामाच्या वर्कशॉपमध्ये जमत असू. मामा प्लंबर आहे. भिंतीला टेकवलेले पाइप, एकात एक बसवून ठेवलेली वॉशबेसिने, आणि या सगळ्याच्या मधोमध त्याचा ड्रमसेट, असा त्या खोलीतला संसार. भावोजी, म्हणजे ताईचे यजमान, बेस गिटार वाजवतात. एरवी ते दातांच्या कवळ्या बनवतात. ताई मुख्य गिटार वाजवते. मी दुसरी गिटार वाजवते आणि उरलेल्या वेळात ध्वनिशास्त्राचा पदव्युत्तर अभ्यास करते. ताईच्या मते हे उलटे आहे.

आम्ही सर्फ वाजवतो. फळी घेऊन लाटेवर उभे राहणाऱ्यांच्या नादाने जन्मलेले हे संगीत. त्यात गायक नसतो, जे काही सांगायचे ते गिटार सांगते. आमच्यापैकी एकालाही धड पोहता येत नाही, हे नमूद केले पाहिजे. मामा तर म्हणतो की त्याने आयुष्यभर पाणी पाहिले, पण पाइपाबाहेर आले की लोक ओरडतात.

या संगीतात गिटारची निवड ही आवडीची नव्हे, तत्त्वाची बाब आहे, असे ताई मानते. तिच्या गिटारची मान लांब आहे आणि तारांची थरथर टिपणारे पिकअप सिंगल कॉइलचे, म्हणजे धुतलेल्या काचेसारखा आवाज देणारे. तारा जाड, कारण बारीक तारा जोरात छेडल्या की सुरावरून घसरतात. तारा जिथे गिटारच्या अंगावर टेकतात त्या ब्रिजपाशी एक दांडी आहे. ती अलगद दाबली की सूर लाटेसारखा खाली जाऊन वर येतो. माझी गिटार दुहेरी कॉइलची, गोल आवाजाची. ताई तिला गोधडी म्हणते. "काय बोलतेय ते कळतं गं," ती म्हणते, "पण पांघरुणातून."

ताईने स्वतः एक धून बांधली आहे. धुनेच्या मध्यावर सगळे थांबतात. त्या शांततेत ताई एकटी एक छोटी ओळ वाजवते आणि मी तिला उत्तर देते. पहिल्या ओळीला आम्ही 'हाक' म्हणतो आणि दुसरीला 'ओ'. काही घरांत 'ओ दिली' म्हणतात. आमच्याकडे 'ओ दिला' असे म्हणतात. हा भेद किरकोळ वाटेल, परंतु पुढे त्याचे काम आहे.

ताईच्या उजव्या मनगटाचे ऑपरेशन ठरले होते. त्यानंतर बटणे लावता येतील, पेन धरता येईल, असे डॉक्टरांनी सांगितले. एकाच तारेवर झपाट्याने वर-खाली पिक, म्हणजे तार छेडायची चकती, चालवणे पुन्हा जमेल का, या प्रश्नावर त्यांनी चष्मा पुसला. घरी येताना ताई एवढेच म्हणाली, "त्याच्याआधी ती धून एकदा नीट रेकॉर्ड करायची. एकदाच. पण ओली."

२

'ओला' हा आमच्या वादनातला शब्द आहे. तार हाताने दाबून छेडली असता आवाजाच्या शेपटीला पाण्यात खडा पडल्यासारखे 'डुबुक' ऐकू आले, तर तो आवाज ओला. तो मिळतो स्प्रिंगांच्या पेटीतून. गिटार आणि अॅम्प, म्हणजे आवाज मोठा करणारा खोका, यांच्यामध्ये ही पेटी जोडतात. आत पत्र्याच्या लांबट तबकात स्प्रिंगा टांगलेल्या असतात, आणि आवाज त्यांच्यावरून धावत जाऊन परत येतो. त्या तबकाला टाकी म्हणतात, हे कळल्यावर मामा बराच वेळ हसत होता. "टाकी आहे, पाणी नाही, आणि तुम्हाला आवाज ओला पाहिजे. आमच्या धंद्यात याला तक्रार म्हणतात."

आमच्याकडे अशी पेटी नव्हती. अॅम्पमधली सोय वापरून पाहिली, तेव्हा ताईने नाक मुरडले. "हा ओला नाही. हा दमट आहे."

पेटी मिळाली ती भावोजींमुळे. एक वृद्ध वादक त्यांच्याकडे नवी कवळी करायला येत असत. जुनी मोडली होती, नवी तयार व्हायची होती, त्यामुळे त्यांचे बोलणे ओठांतून निसटून हवेत विरत असे. आम्ही काय वाजवतो हे कळल्यावर त्यांनी पेटी देऊ केली, आणि ती आणायला आम्ही तिघे त्यांच्या घरी गेलो. पेटी माझ्या हातात ठेवताना त्यांनी माझे मनगट धरले आणि एक वाक्य सांगितले. आम्हाला ऐकू आले ते असे: "ओला की बंद करा."

"बरोबर आहे," भावोजी बाहेर आल्यावर म्हणाले. "विजेची वस्तू. ओल लागली की बंद करायची."

"पण पेटी स्त्रीलिंगी आहे," मी म्हणाले. "ओली म्हणायला हवं होतं त्यांनी."

ताई रस्त्यात थांबली. "दात नसलेल्या माणसाचं लिंग-वचन तपासतेस? नुसती शंकासुर आहेस."

मी विषय सोडला. मामाला निरोप कळला तेव्हा त्याने पेटीसाठी लाकडी स्टूल शोधले, तिच्या डोक्यावरून कोणताही पाइप जात नाही याची खात्री केली, आणि वर्कशॉपमधला वर्षानुवर्षे ठिबकणारा नळ त्याच दिवशी दुरुस्त केला. मामी म्हणाली की ही पेटी आधी स्वयंपाकघरात आणून ठेवायला हवी होती.

३

पेटी जोडून ताईने पहिली तार छेडली आणि आम्ही चौघेही हसायला लागलो. आवाज इतका ओला होता की भावोजींनी नकळत पाय वर घेतले. त्या दुपारी धून कितीदा वाजवली ते सांगता येणार नाही. ताईचे मनगट दुखत असणार, पण तिच्या चेहऱ्यावर ते कुठे दिसले नाही.

"आणि तुझा ओ," ती मला म्हणाली. "आज पहिल्यांदा पांघरुणाबाहेर आला."

मामाने स्टिकने वॉशबेसिनवर टकटक करून अनुमोदन दिले. मला आनंद झाला. ताई सहजासहजी शाबासकी देत नाही.

घरी जाऊन मी रेकॉर्डिंग ऐकले. माझा ओ खरोखरच सुरेख होता. भरदार, खोल, शेवटी डुबुक. मी तो पुन्हा ऐकला आणि मग हेडफोन काढून ठेवले.

पेटी ताईच्या गिटारला जोडली होती. माझी गिटार सरळ माझ्या अॅम्पमध्ये जात होती. माझा ओ ओला असण्याचे काही कारण नव्हते.

कारणे शोधणे हे माझे शिक्षण आहे, आणि एक कारण सापडलेही. माझ्या अॅम्पचा आवाज हवेतून ताईच्या तारांपर्यंत पोहोचत असावा, त्या तारा थरथरत असाव्यात, आणि तो थरथराट पेटीतून जाऊन ओला होत असावा. असे होऊ शकते. मी शांतपणे झोपले.

पुढच्या रविवारी, धुनेचा मध्य आला तेव्हा मी तारांवर तळहात ठेवला आणि काहीच वाजवले नाही. ताईने हाक दिली. ती संपते न संपते तोच ओ आला.

ताईचे डोळे मिटलेले होते. भावोजी स्वतःच्या बोटांकडे पाहत होते. मामा पुढच्या ठोक्याची वाट पाहत होता. धून पुढे सुरू झाली आणि शेवटी ताई डोळे उघडून म्हणाली, "वा गं."

माझा तळहात अजून तारांवर होता.

४

तो ओ मी घरी पुष्कळ वेळा ऐकला. गिटारचा आवाज ऐकून ती कशी आहे आणि कशी छेडली आहे हे बऱ्यापैकी सांगता येते. ब्रिजजवळ छेडलेली तार टणक बोलते. आम्ही दोघी तिथेच छेडतो, पिकने. हा आवाज मऊ होता. तार मानेजवळ छेडली होती, आणि पिकने नव्हे, अंगठ्याने. अंगठ्याची कातडी जाड असावी. सूर माझेच होते, एकही चूक नव्हती. परंतु ती गिटार आमच्यापैकी कोणाची नव्हती.

दुसरी गोष्ट मला नंतर लक्षात आली. पहिल्या रविवारी तो आवाज माझ्या ओच्या पाठोपाठ, जवळजवळ त्याच्या शेपटीत लपून आला होता. त्यानंतरच्या रविवारी हाक संपल्यावर लगेच. तिसऱ्या खेपेला हाक अजून पुरी व्हायची होती. घाई झालेल्या माणसाने पुढच्याचे वाक्य अर्ध्यावर तोडावे, तसा.

मी मामाला विचारले, "तुला काही वेगळं ऐकू येतं का रे मध्ये?"

"मला चाळीस वर्षं झाली भिंतीतलं पाणी ऐकून," मामा म्हणाला. "कुठल्या पाइपात काय चाललंय ते सांगतो. पण तुमच्या त्या पेटीतलं मला काही कळत नाही." त्याने शेजारचा पाइप उचलला. "एकच वाटतं. पाइप दोन्ही बाजूंनी उघडा असला ना, की असा घुमतो."

मग त्याने मला चहा घ्यायला लावला आणि मामीने नळाबद्दल पुन्हा कसे सुनावले ते सांगितले.

५

भावोजींची लॅब म्हणजे एक लांबट खोली. खिडकीशी टेबल, टेबलावर प्लास्टरच्या जबड्यांची रांग. मी तिथे भावोजींचा डबा द्यायला गेले होते, तेव्हा ते वृद्ध वादक खुर्चीत बसले होते. नवी कवळी नुकतीच बसवली होती.

"काही तरी बोला," भावोजी त्यांना म्हणाले. "शब्द सुटसुटीत येतायत का बघू."

त्यांनी आरशात दात न्याहाळले. दात त्यांच्या चेहऱ्यापेक्षा बरेच तरुण होते. मग मला पाहून ते प्रसन्न हसले आणि एकेक अक्षर सुटे सुटे करून म्हणाले, "कशी आहे पेटी? ओ आला नाही ना अजून?"

भावोजी म्हणाले, "उत्तम. एकही अक्षर गिळलं नाही."

मी उभी होते ती स्टुलावर बसले. "काय म्हणालात?"

"ओ आला, की बंद करा. सांगितलं होतं की मी तुम्हाला."

"कुणाचा ओ, आजोबा?"

"ते मी कशाला विचारू? मी बंद केली." त्यांनी दात एकमेकांवर वाजवून पाहिले. "छान बसलीय हो. वरची जराशी टोचते."

भावोजींनी कवळी काढून घेतली आणि घासायला लागले. आजोबा त्यानंतरही माझ्याशी काही तरी बोलले, चांगली दोन-तीन वाक्ये, डोळ्यांत काळजी आणून. पण दात भावोजींच्या हातात होते, आणि यंत्र सुरू होते.

६

ताईला मी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले, मधे हसली नाही, हे मी तिच्या बाजूने लिहून ठेवते.

"म्हणजे माझ्या हाकेला कुणी तरी ओ देतंय," ती म्हणाली.

"हो."

"आणि चांगला देतंय."

"ताई, तो दर वेळी अलीकडे येतोय."

"अलीकडे म्हणजे?"

"आधी हाकेनंतर होता. आता हाकेच्या मध्ये आहे. पुढच्या वेळी..." पुढचे मला वाक्यात मांडता येईना.

ताईने उजवा हात टेबलावर ठेवला आणि बोटे एकेक करून उघडली. करंगळीपर्यंत पोहोचायला तिला वेळ लागला. "ऑपरेशन बुधवारी आहे. रविवार एकच उरलाय. दुसरी पेटी मिळेल तोवर?"

"नाही."

"कोरड्या आवाजात ही धून म्हणजे पाण्याबाहेर पोहणं आहे गं. हात-पाय हलतात, बाकी काही नाही." ती माझ्याकडे पाहून हसली. लहानपणी झाडावर चढण्यापूर्वी ती अशीच हसायची. "एक टेक, शंकासुरा. एकच. तू बस पेटीपाशी, बटणावर हात ठेवून. भीती वाटली की कर बंद. मी हूं की चूं करणार नाही."

"शपथ?"

"गोधडीची शपथ."

मी मान्य केले. तो हात, त्याचा तो वेग, पुन्हा कधी ऐकायला मिळेल की नाही, याची मला खात्री नव्हती. आणि तिलाही नव्हती.

७

त्या रविवारी वर्कशॉपमध्ये भरपूर ऊन होते. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता. "रेकॉर्डिंगमध्ये दिसत नाही," भावोजी म्हणाले. "ऐकू येतो," मामा म्हणाला. मामीने सगळ्यांच्या पायातल्या चपला बाहेर काढायला लावल्या आणि स्वतः दाराशी, उलट्या ठेवलेल्या वॉशबेसिनवर बसली.

मी पेटीशेजारी बसले. गिटार मांडीवर, बटण हाताच्या अंतरावर. पेटीच्या पाठीला जाळी आहे; तिच्यातून आतली टाकी दिसते. पुढे एक लाल दिवा, पेटी चालू असल्याची खूण.

ताईने गिटार गळ्यात घातली, दांडी एकदा दाबून सोडली, मान हलवली. मामाने स्टिकवर स्टिक आपटून मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन.

चारच्या आधी आवाज आला.

मानेजवळ, अंगठ्याने. स्वर तेच, माझ्या ओचे. पण अजून कोणी काही वाजवलेच नव्हते. हाकेआधी येतो तो ओ नसतो. आधी येते ती हाक.

मी बटण दाबले. लाल दिवा विझला.

ताईने वाजवायला सुरुवात केली होती.

येथे मी काळजीपूर्वक लिहिते. पेटी बंद असेल तर तिच्यातून गिटारचा आवाज पुढे जात नाही. ओला तर सोडाच, कोरडाही नाही. ताईच्या अॅम्पमधून त्या क्षणी काहीही ऐकू येऊ नये. प्रत्यक्षात तिची धून पहिल्या सुरापासून शेवटच्या सुरापर्यंत ऐकू आली, आणि तितका ओला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. तिचा हात दिसत नव्हता, इतका वेगात होता. ती हसत होती. प्रत्येक ओळ ती अशी वाजवत होती की जणू कोणी तिला काही विचारत आहे आणि ती सांगते आहे.

मी वाकून जाळीतून पाहिले. टाकीत स्प्रिंगा समान ताणलेल्या असतात. त्या सगळ्या एका बाजूला ओढल्या गेल्या होत्या, विहिरीतल्या दोराला खालून कोणी धरावे तशा, आणि मधूनमधून त्यांना हलका हिसका बसत होता. ओढणारे टोक टाकीच्या कडेमागे होते. मान आणखी थोडी वाकवली असती तर ते दिसले असते.

मी मान वाकवली नाही. धुनेचा मध्य आला, सगळे थांबले, ताईने आपली ओळ वाजवली, आणि मी माझी वाजवली. दुसरे कोणी वाजवले नाही. त्याची गरज उरली नसावी.

शेवटचा सूर विरला तेव्हा मामीने टाळ्या वाजवल्या. मामाचे डोळे पाणावले होते. तो म्हणाला, वॉशर ढिला झालाय. ताईने हात झटकला, मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "घाबरली नाहीस. बंद केली नाहीस."

मी पेटीचा प्लग भिंतीतून काढला आणि वायर गुंडाळून ठेवली.

८

ऑपरेशन चांगले झाले. हात प्लास्टरमध्ये आहे. त्यावर मामाने एक नळ रेखाटून दिला आहे, भावोजींनी दात. रेकॉर्डिंग ऐकून लोक आम्हाला विचारतात की हा आवाज कोणत्या पेटीचा. आम्ही सांगतो, जुनी आहे, आता वापरत नाही. ती आजोबांना परत दिली. त्यांनी दोन्ही हातांनी घेतली, नवे दात घट्ट मिटून.

पहिल्यांदा झाले ते ताईच्या घरी, दुपारी. आम्ही सगळे बैठकीत होतो. भावोजी कोणाची तरी नक्कल करत होते, ताई हसून हसून लाल झाली होती. हसता हसताच तिने मान वळवली आणि बोळाच्या दिशेने म्हणाली, "ओ, आले."

आणि उठली.

"कुठे निघालीस?" भावोजींनी विचारले.

"अरे, हाक नाही का मारली?" तिने आमच्याकडे पाहिले, चेहरे मोजले, आणि पुन्हा हसू लागली. "मग मी ओ कुणाला दिला?"

सगळे हसले. मीही हसले. परंतु तेव्हापासून मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाते आणि बोळाकडे तोंड करून बसते. तिची मान वळू लागली की मी आधी म्हणते, "ओ." मोठ्याने. ताई बसते. धुनेतले माझे कामच ते आहे, त्यामुळे मला वेळ बरोबर साधते. मामा म्हणतो, पोरीला अभ्यासाचा ताण झालाय. भावोजींनी मला नवे नाव ठेवले आहे, ओबाई.

आतापर्यंत मी ताईच्या मानेकडे पाहून ओ देत होते. ऐकू काही येत नव्हते. आज ताई प्लास्टरवर नखाने ताल धरून बसली होती. तिची मान वळली नाही. आणि मला हाक ऐकू आली.

मानेजवळ, अंगठ्याने. सूर अत्यंत सुरेख होता. ती ताईसाठी होती की माझ्यासाठी, हे ठरवण्याइतका पुरावा माझ्याकडे नाही.

ताईच्या आधी, सवयीने, मी ओ दिला.